मुलगा खेळेल, तुम्ही दोरीच्या बाहेर

पत्राचा सारांश : पत्र इंग्लंडमधल्या स्लाऊला राहणाऱ्या एका आईचं आहे. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा दीडेक वर्ष पोकेमॉनचा पत्त्यांचा खेळ खेळतोय. शनिवारी गावातल्या एका दुकानात मुलं जमतात, तिथे नेमाने जातो. आता त्याला लंडनच्या एक्सेल सेंटरमध्ये भरणाऱ्या युरोप इंटरनॅशनल चॅम्पियनशिप्समध्ये खेळायचंय. शुक्रवार ते रविवार असा तीन दिवसांचा मामला, म्हणजे प्रवेश फी, हॉटेल, खाणंपिणं आणि वर शुक्रवारची शाळा. नवरा म्हणतो, "एवढे पैसे घालायचे तर निदान चार मॅच जिंकण्याइतकी तयारी हवी." मुलगा हरला की रडतो. मागे एकदा दुकानात हरल्यावर टेबलाखाली जाऊन बसला होता. पाच वर्षांच्या धाकटीला या खेळात काडीचा रस नाही. सांगलीहून आलेल्या सासूबाई म्हणतात, पोराला पत्त्यांचा नाद लावताय. "आधी घरी हरायला शिकवावं, मग पुढच्या वर्षी नेऊ. तोवर वेड उतरेलही कदाचित. माझं चुकतंय का?" असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर :

पुढच्या वर्षी नेऊ, आणि तोवर वेड उतरेल. ही दोन वाक्यं तुम्ही एका दमात लिहिली आहेत. पहिलं मुलाला दिलेलं आश्वासन आहे आणि दुसरी ते पाळावं लागू नये म्हणून धरलेली आशा. मोठ्यांच्या बोलण्यातली ही मेख नऊ वर्षांच्या पोराला बरोबर कळते. न्यायचं नसेल तर कारण सांगून सरळ नाही म्हणा. दोन दिवस तोंड पाडून बसेल आणि विसरेल. टांगून मात्र ठेवू नका.

माझं स्वतःचं मत न्यावं असं आहे, पण तुम्ही मनात जशी आखणी केलेली दिसते तशी नव्हे. ते पुढे सांगते. आधी "घरी हरायला शिकवावं" याबद्दल बोलू.

घरी तो कोणाशी हरणार? बाबांशी. बाबा एक तर मुद्दाम हरतात, नाही तर ऑफिसचा फोन आला म्हणून डाव अर्धवट सोडतात. चुकीची चाल केली तर तो "थांबा, मागे घेतो" म्हणतो आणि तुम्ही घेऊ देता. धाकटी मध्येच येऊन पत्ते उधळते, म्हणजे तो डाव धरायचाच नाही. घरात तो लिंबूटिंबू आहे आणि आईबापांनी मुलाला तसं वागवण्यात गैर काही नाही. पण लिंबूटिंबूला हरण्याचा सराव होत नसतो. बरोबरीच्या, ओळख नसलेल्या मुलासमोर बसल्याशिवाय तो व्हायचा नाही. दुकानात टेबलाखाली जाऊन बसला, त्याची तुम्हाला लाज वाटली असणार. मला त्यापुढचं जाणून घ्यायचं होतं. पुढच्या शनिवारी तो पुन्हा गेला का? नेमाने जातो असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे गेला. मग हरणं पचवायला त्याने सुरुवात केलेली आहे. त्याची रीत तुम्हाला रुचत नाही, एवढंच.

मोठ्या स्पर्धेत हरल्यावर काय होतं, हेही बघा. एक मॅच हरला की पेटी भरून घरी, असं तिथे नसतं. फेऱ्या स्विस पद्धतीने होतात. महाराष्ट्रात मुलांना बुद्धिबळाच्या स्पर्धांना नेणाऱ्या पालकांना ही पद्धत तोंडपाठ असते. प्रत्येक फेरीत शक्यतो आपल्याइतकेच गुण असलेला प्रतिस्पर्धी मिळतो. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, हरल्यास शून्य. पहिल्या दोन फेऱ्या हरलेल्या मुलासमोर तिसऱ्या फेरीत बहुधा दोन हरलेलंच मूल येऊन बसतं. म्हणजे दिवस चढेल तशा त्याच्या मॅच अटीतटीच्या होत जातात. शिवाय तो ज्युनिअर गटात खेळेल. हा गट जन्मसालावरून ठरतो आणि त्यात साधारण बारा वर्षांपर्यंतची मुलं असतात. त्याच्यापुढे दाढीवाला बाप्या बसणार नाही.

आता त्या चार मॅचबद्दल. यजमानांचा हिशोब मला समजतो. परदेशात राहून एकेक पौंड मोजणाऱ्याला "पैसे वसूल" ही भाषा सुचणारच. पण मुलापुढे हा आकडा एकदा उच्चारला की तिसरी मॅच हरताना त्याच्या डोक्यात खेळ उरत नाही, बाबांचे पैसे येतात. या खेळात नशिबाचा वाटा तसा मोठा आहे. स्वतःच्या साठ पत्त्यांचा जोड, म्हणजे डेक, पिसायचा, सात पत्ते हातात घ्यायचे, सहा बक्षिसाचे म्हणून उपडे बाजूला ठेवायचे. हवा तो पत्ता नेमका त्या सहांत अडकला तर भला भला खेळाडूही चरफडतो. म्हणून अपेक्षा ठेवायचीच असेल तर त्याच्या हातात असलेल्या गोष्टींची ठेवा. सगळ्या फेऱ्यांना वेळेवर जाऊन बसणं, अडलं तर हात वर करून पंचाला बोलावणं, मॅच संपल्यावर समोरच्याला "गुड गेम" म्हणून उठणं. रडत म्हटलं तरी चालेल.

पंचाला बोलावण्यावर जरा थांबते, कारण तुमच्या पत्रात याबद्दल एक अक्षर नाही आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. फेरी सुरू झाली की मुलांच्या टेबलांपाशी आईबापांना उभं राहू देत नाहीत. तुम्ही दोरीच्या बाहेर. लांबून त्याची पाठ दिसेल, हातातले पत्ते दिसणार नाहीत. खुणा करणं, मान हलवणं, काहीही सुचवणं म्हणजे बाहेरून मदत, आणि तिचा दंड मुलाला होतो. मराठीत ओरडून सांगितलं तर कोणाला कळतंय, असा विचार मनात येईल. तो तिथेच सोडा. एक तर एक्सेलसारख्या ठिकाणी मराठी कळणारं कोणी तरी निघतंच. दुसरं म्हणजे भाषा कोणतीही असो, ती मदतच. काही चुकताना दिसलंच तर बाजूला असलेल्या पंचाला हळूच सांगायचं, खेळात तोंड घालायचं नाही.

म्हणून तयारी करून घ्यायची ती चालींची कमी आणि बोलण्याची जास्त. आपली मुलं शाळेत चुरूचुरू बोलतात, पण समोरच्याने आत्मविश्वासाने चुकीचा नियम सांगितला की "असेल बुवा" म्हणून गप्प बसतात. त्याला घरी हात वर करून "जज" असं मोठ्याने म्हणायला लावा. हसेल, तरी लावा. पंचाला बोलावणं म्हणजे समोरच्याची चुगली करणं नव्हे, हे त्याला चार वेळा सांगावं लागेल. पत्त्यावरचा मजकूर कळला नाही, कोणाची पाळी होती ते विसरलं, सातऐवजी आठ पत्ते ओढले, कशासाठीही पंच येतो. मुलांच्या गटातले पंच सहसा शांतपणे समजावून सांगतात. आणि घरी चाल मागे घेऊ देणं आजपासून बंद करा. तिथे ती सवलत नाही, आणि स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदाच ते कळणं हा मुलावर अन्याय आहे.

तुमचं स्वतःचं काम फेरी सुरू होण्याआधी संपतं, पण ते कमी नाही. पोकेमॉनच्या संकेतस्थळावर मुलाच्या नावाने खातं आणि खेळाडू क्रमांक लागतो. त्यात जन्मतारीख बरोबर आहे ना, ते पाहा, गट तिच्यावरच ठरतो. नोंदणीच्या जागा मर्यादित असतात आणि बघता बघता संपतात, तेव्हा तारीख जाहीर झाली की फोनवर गजर लावून ठेवा. डेकची यादी आधी द्यावी लागते. यादी आणि हातातले साठ पत्ते यांत एका पत्त्याचा जरी फरक निघाला तरी दंड होतो. आदल्या रात्री त्याने एकेक पत्ता वाचायचा आणि तुम्ही यादीवर टिक करायची. रात्री साडेदहाला "आई, हा एक बदलू का?" असं विचारेल, त्याला ठाम नाही म्हणा.

पत्त्यांची पाकिटं, म्हणजे स्लीव्ह, सगळ्या डेकला एकाच रंगाची आणि शक्यतो नवीन घाला. कोपरा दुमडलेला, डाग पडलेला असा एखादा पत्ता पाठीमागून ओळखू आला तर तोही दोष धरतात, मुलाने मुद्दाम केलं नसलं तरी. त्याच पुडीतली दहाएक जादा पाकिटं पिशवीत ठेवा. आणि इथे माझी एक कळकळीची विनंती. डब्यात तुपातले लाडू देऊ नका. सासूबाई देतीलच, तर ते शेवटच्या फेरीनंतर. तेलकट बोटं आणि साठ पाकिटं यांचं जमत नाही. मेथीचा ठेपला कागदात गुंडाळून, चिक्की, केळं, पाणी आणि ओल्या रुमालांचं पाकीट. हॉलमध्ये खायला मिळतं, पण महाग, आणि दोन फेऱ्यांच्या मधला वेळ रांगेतच जातो.

सांगली-पुण्याहून कोणी सोनेरी चमचमते पोकेमॉनचे पत्ते पाठवले असतील तर ते घरी ठेवा. आपल्याकडे खेळण्यांच्या दुकानांत मिळणारे ते प्लॅस्टिकचे सोनेरी संच नकली असतात, स्पर्धेत चालत नाहीत. आजोबांनी प्रेमाने पाठवलेत म्हणून मुलाला ते न्यायचे असतील, तर आधीच समजावा. पंचांनी सगळ्यांदेखत बाजूला काढायला लावले तर फार वाईट वाटेल. जपानी पत्त्यांचंही तसंच. ते खरे असतात, पण इंग्लंडमधल्या स्पर्धेत खेळता येत नाहीत. खरे इंग्रजी पत्तेसुद्धा सगळे चालतीलच असं नाही. पत्त्याच्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक अक्षर असतं, आणि जुन्या अक्षरांचे पत्ते ठरावीक काळाने स्पर्धेतून बाद होतात. दुकानातल्या शनिवारच्या मुलांना हे तुमच्याआमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं, त्यांनाच विचारा.

वेळेचा सरावही करून घ्या. तीनपैकी दोन डाव जिंकायचे आणि त्यासाठी पन्नास मिनिटं. वेळ संपली की चालू पाळी पुरी करायची आणि त्यावर आणखी तीन पाळ्या मिळतात. लहान हातांना पाकिटं घातलेले साठ पत्ते पिसायलाच खूप वेळ लागतो आणि एका डावात ते अनेकदा पिसावे लागतात. जिंकत आलेला डाव केवळ वेळेअभावी बरोबरीत सुटतो तेव्हा मुलं हरल्यापेक्षा जास्त चिडतात. स्वयंपाकघरातलं टायमर लावून आठवड्यातून एकदा पुरी मॅच खेळायला लावा, आणि बाबांनी त्या वेळात फोन बंद ठेवावा.

आता सासूबाई. त्यांना हसण्यावारी नेऊ नका, त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. फक्त ते त्या समजतात त्या जागी नाही. प्रवेश फी भरून दिवसभर डोकं चालवणं हा जुगार नव्हे. सांगलीत गणपतीच्या जागरणाला चारही दहिल्या कोणाकडे गेल्या याचा हिशोब ठेवत मेंढीकोट खेळलेल्या बाईला हे पटवणं अवघड नाही. नातवासमोर बसवा, दोन डावांत त्यांनाच गोडी लागेल. जुगाराचा वास येतो तो बंद पुड्यांना. दहा पत्त्यांची बंद पुडी घ्यायची, आत काही तरी दुर्मीळ निघेल या आशेने फोडायची, नाही निघालं की आणखी एक. अशा हॉलमध्ये विक्रेत्यांची टेबलं असतात, काचेखाली शेकडो पौंडांची किंमत लावलेले पत्ते असतात, आणि शेजारी पुड्या फोडणाऱ्यांभोवती गर्दी. नऊ वर्षांच्या मुलाला खेळापेक्षा याचीच भूल जास्त पडते. खेळण्यासाठी पुड्या लागतच नाहीत. हवे ते पत्ते सुटे विकत घेता येतात, बहुतेक स्वस्तात, किंवा तयार डेक मिळतात. त्याला तीन दिवसांची ठरावीक रक्कम रोख द्या. संपली की संपली. कार्ड काढायचं नाही.

पत्त्यांची अदलाबदल हा याच्याच शेजारचा विषय. मुलं आपापसांत करतात, त्यात मजा आहे. पण मोठी माणसंही पत्त्यांच्या फायली उघडून बसलेली असतात आणि त्यातल्या काहींना समोरच्या मुलाला भाव माहीत नसल्याचा फायदा पुरेपूर उठवता येतो. एकच नियम करा. मोठ्या माणसाशी अदलाबदल आई किंवा बाबा शेजारी असतानाच. आणि सगळ्यात लाडका पत्ता घरी. बॅग खुर्चीमागे टांगायची नाही, पायात धरायची.

तो रडेल. बहुधा पहिल्याच दिवशी, कदाचित पहिल्याच फेरीनंतर. दोरीजवळ तुमच्यापैकी जो कमी बोलतो त्याने उभं राहावं. "कोणती चाल चुकली?" हे घरी गेल्यावर. त्या क्षणी पाणी, खाणं, शू, पाठीवर हात. "मला नाही खेळायचं" म्हणाला तर खाऊन झाल्यावर पुन्हा विचारा. तरीही नको असेल तर बाहेर पडता येतं, त्यात कमीपणा काही नाही. फक्त पुढच्या जोड्या लागायच्या आत तिथल्या लोकांना कळवा, नाही तर एखादं मूल रिकाम्या खुर्चीसमोर ताटकळत बसतं. मुख्य स्पर्धेतून बाहेर पडला तरी त्याचा दिवस संपत नाही. बाजूला छोट्या स्पर्धा चालू असतात. दुकानात रमणाऱ्या तुमच्या मुलाला खरं तर तिथेच जास्त मजा येईल असा माझा अंदाज आहे.

यावरून मी म्हणते ती आखणी. तीनही दिवस चौघांनी (सासूबाई धरून पाचांनी) एक्सेलमध्ये काढायची काही गरज नाही. एलिझाबेथ लाइनची रेल्वे स्लाऊहून थेट कस्टम हाऊसला जाते, साधारण तासाभराचा प्रवास आणि स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की एक्सेलचं दार. मग हॉटेल हवंच असेल तर फक्त ज्या सकाळी त्याची पहिली फेरी आहे तिच्या आदल्या रात्रीपुरतं. ते न घेताही भागेल, मात्र शनिवार-रविवारी त्या मार्गावर दुरुस्तीची कामं निघतात, तेवढं आधी पाहून ठेवा. त्याच्या गटाचं वेळापत्रक आलं की त्या दिवशी एका पालकाने पूर्णवेळ त्याच्याबरोबर राहायचं. दुसऱ्याने धाकटीला घेऊन दुसरीकडे जायचं. एक्सेलशेजारच्या रॉयल डॉक्सवरून नदीपलीकडे केबल कार जाते, पलीकडे ग्रिनिच आहे, पाच वर्षांच्या मुलीला तेवढं पुरे. तिला दिवसभर भावाची पाठ बघत बसवलंत तर चार वाजता ती जे करेल त्याचा दोष तिचा नसेल. रविवारी वाटलं तर सगळे मिळून या. मोठ्या पडद्यावर अंतिम सामने दाखवतात, पोशाख करून आलेली माणसं असतात, धाकटीलाही पिकाचूबरोबर फोटो हवाच असेल. शाळेचं म्हणाल तर मुख्याध्यापकांना खरं कारण लिहून रजा मागा. ताप आला म्हणून सांगू नका. मुलगा सोमवारी वर्गात सगळं सांगणारच आहे.

त्याआधी एक गोष्ट जरूर करा. गावातल्या त्या दुकानात नवीन संच यायच्या सुमारास प्रीरिलीज नावाची छोटी स्पर्धा होत असेल तर तिला न्या. तिथे सगळ्यांनाच मिळालेल्या पत्त्यांतून चाळीस पत्त्यांचा डेक तिथल्या तिथे बांधायचा असतो, बक्षिसाचे पत्ते सहाऐवजी चार. घरून कसलेला डेक कोणीच आणत नाही, त्यामुळे मुलं आणि मोठे बऱ्यापैकी एका पातळीवर येतात. त्यानंतर लीग चॅलेंज किंवा लीग कप. या स्पर्धा एका दिवसात आटोपतात, पण घड्याळ, पंच, डेकची यादी असं सगळं तिथे असतं. अशा एका दिवशी तो दुपारनंतरही टिकला तर एक्सेलला खेळवा. दुपारीच कोसळला, तर एक्सेलला जा, पण मुख्य स्पर्धेत नाव न घालता. प्रेक्षक म्हणून या, जमेल त्या बाजूच्या स्पर्धा खेळा, संध्याकाळी घरी. मग "पुढच्या वर्षी नेऊ" हे खरं आश्वासन होईल, कारण कशासाठी नेणार ते त्याने पाहिलेलं असेल. मुख्य स्पर्धेच्या जागा संपल्या तरी हाच मार्ग आहे.

भारतात, दुबईत किंवा अमेरिकेत बसून हे वाचणाऱ्या, मुलांना बुद्धिबळ, कॅरम किंवा रुबिक क्यूबच्या स्पर्धांना नेणाऱ्या पालकांना यातली स्टेशनांची नावं सोडून बाकीचं उपयोगी पडावं. विशेषतः दोरीचं.

आणि पोकेमॉनची गोष्ट एवढी लिहिलीत तर एक विचारते. यजमान स्वतः खेळतात का? मोठ्यांसाठी मास्टर्स गट असतो. बापलेक दोघेही खेळायला उतरतात अशी कुटुंबं तिथे भरपूर दिसतात. पण तसं करायचं ठरलं तर मुलाच्या फेऱ्यांच्या वेळी दोरीशी तुम्हीच असाल, आणि मग धाकटीचं काय, हे नोंदणी करायच्या आधी ठरवा.

सासूबाईंना न्यायचं असेल तर त्यांचा प्रेक्षक पास आधीच काढा. नुसतं बघायला यायलाही तो लागतो. हॉल या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लांब आहे आणि टेकायला खुर्च्या कमी, तेव्हा त्यांच्यासाठी घडीचं छोटं स्टूल घेऊन जायला हरकत नसेल का, हे आयोजकांना आधी ईमेलवर विचारून घ्या.